सोय कोणाची, खर्च कोणाचा?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला. एवढ्या सकाळी फोन आला की आमच्या वयाच्या माणसांच्या पोटात गोळाच येतो. पण पलीकडून आवाज आला, "आत्या, उठली होतीस ना? मला एक हिशेब करून दे."

माझी भाची, न्यू जर्सीत असते. वय वर्षं ३९, दोन मुलांची आई. पण घरात आम्ही सगळे तिला अजून छकुलीच म्हणतो, तेव्हा इथेही छकुलीच. तिच्याकडे शनिवारची रात्र होती, मुलं झोपली होती आणि नवरा भांडी लावत होता. (आवाज येत होता!)

"अगं, मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. गणित शिकवलं ते रजेवर गेलेल्या बाईंच्या तासाला," मी म्हटलं.

"म्हणूनच तुला विचारतेय. गणित इथे सगळ्यांनी करून झालंय. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतंय."

तर प्रकरण असं. छकुलीला नर्स व्हायचंय. हे खूळ नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये माझा थोरला भाऊ, म्हणजे तिचे वडील, कोविडनं गेले. तिला येता आलं नाही. ते इस्पितळात होते त्या नऊ दिवसांत वॉर्डातली एक सिस्टर रोज रात्री स्वतःच्या फोनवरून तिला दोन मिनिटं वडील दाखवायची. नाव तिनं विचारलं होतं, पण तोंडावर मास्क, पुढे फेसशील्ड आणि मागे यंत्रांचे आवाज, त्यात नीट ऐकू आलं नाही. तेव्हापासून छकुलीच्या मनात हे आहे. पुण्यातून २००७ साली सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालेली मुलगी, लग्न होऊन तिकडे गेली, मुलं झाली. आता ग्रीन कार्ड आलंय आणि धाकटा सात वर्षांचा झालाय. आता नाही तर कधी, असं तिचं म्हणणं.

अमेरिकेत यासाठी एक झटपट वाट आहे. ज्यांच्याकडे दुसऱ्या कुठल्याही विषयाची पदवी आहे त्यांना नर्सिंगची पदवी साधारण ११ ते १८ महिन्यांत देणारे अभ्यासक्रम तिथे आहेत. 'ॲक्सिलरेटेड' म्हणतात त्याला, म्हणजे वेग वाढवलेले. सेंट लुई विद्यापीठानं १९७१ साली असा अभ्यासक्रम पहिल्यांदा सुरू केला आणि आता ते जवळजवळ सगळ्या राज्यांत आहेत. आपल्याकडे अशी सोय नाही. तुम्ही एम.ए. असा नाहीतर एम.कॉम., बी.एस्सी. नर्सिंगला चार वर्षं पहिल्यापासून बसावं लागतं.

छकुलीसमोर तीन पर्याय होते. नावं घेत नाही, नुसतं पहिलं, दुसरं, तिसरं म्हणते.

पहिलं एक खासगी विद्यापीठ. पंधरा महिन्यांचा अभ्यासक्रम, पुस्तकी भाग घरबसल्या संगणकावर, वर्षातून तीनदा प्रवेश, थांबावं लागत नाही. फी सगळी मिळून ७२,००० डॉलर. दुसरं राज्य सरकारचं विद्यापीठ. तेही पंधरा महिन्यांचंच, पण रोज जायला हवं, प्रवेश वर्षातून एकदा, जागा थोड्या. फी ३३,०००. तिसरं म्हणजे तिथलं कम्युनिटी कॉलेज. आपल्या तालुक्याच्या कॉलेजसारखं समजा, स्वस्त आणि जवळ. पदवी मिळत नाही, दोन वर्षांची सहयोगी पदवी मिळते, पण नर्स म्हणून नोंदणी होण्यासाठीची परीक्षा तीच देता येते. खर्च १५,०००च्या आसपास. पुढे नोकरी करता करता उरलेली पदवी पुरी करता येते.

आता जावईबापूंचा हिशेब ऐका. तो संगणकवाला, त्यानं तक्ताच केला होता. पहिलं आणि दुसरं यांत फरक ३९,००० डॉलरचा. पण दुसऱ्याचा प्रवेश नऊ महिने उशिरा. अमेरिकन सरकारच्या मे २०२४च्या आकड्यांप्रमाणे तिथल्या नोंदणीकृत नर्सचा मध्यम पगार वर्षाला ९३,६०० डॉलर आहे. नवशिकीला कमी मिळेल म्हणून त्यानं ७८,००० धरले, म्हणजे महिन्याला साडेसहा हजार. नऊ महिन्यांचे झाले ५८,५००. कर जाऊन चाळीस-पंचेचाळीस हजार उरले तरी महागडी शाळा फुकटात पडली!

मला वाटलं होतं, मी हा हिशेब ऐकून म्हणेन की स्वस्त ते घ्या, अंथरूण पाहून पाय पसरा. पण तक्ता चुकीचा नव्हता. वेळेला किंमत असते आणि चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या बाईच्या वेळेला तर फारच. त्यामुळे 'एवढी फी? लूट आहे!' असं म्हणून मोकळं होणं मला पटलं नाही.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. दोन दिवस तिला फोनवर उलटसुलट विचारत राहिले आणि तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली.

पहिली गोष्ट तिच्या बी.एस्सी.ची. आपली पदवी तीन वर्षांची, तिकडची चार वर्षांची. पुण्याची गुणपत्रिका तिकडच्या मूल्यमापन संस्थेकडून तपासून घ्यावी लागते आणि त्यानंतरही तीन वर्षांची पदवी पूर्ण धरायची की नाही हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. पहिल्या शाळेनं धरली. दुसरीनं सांगितलं, आणखी काही विषय करून या. शिवाय शरीररचना आणि शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र असे विषय प्रवेशाआधी झालेले हवेत, आणि पुष्कळ ठिकाणी ते गेल्या पाच-सात वर्षांतले हवेत. छकुलीचं सूक्ष्मजीवशास्त्र २००७चं. जंतू तेच असतील, पण गुण शिळे झाले! तेव्हा 'पंधरा महिने' हा आकडा कुठल्याच पर्यायात खरा नाही. त्याच्याआधीचे आठ-दहा महिने जाहिरातीत मोजलेले नसतात.

दुसरी गोष्ट कर्जाची. तिकडे गरजूंना पेल ग्रँट नावाची सरकारी मदत मिळते, ती परत करावी लागत नाही. पण ज्याच्याकडे आधीच पदवी आहे त्याला ती मिळत नाही. सरकारी कर्ज मिळतं, तेही एका शैक्षणिक वर्षाला १२,५०० डॉलरपर्यंत. ७२,००० मधले उरलेले खासगी कर्जातून, त्याचं व्याज वेगळं, आणि सही नवऱ्याची. तो संगणकाच्या नोकरीत. त्या नोकऱ्यांचं हल्ली काय चाललंय ते तुम्हाला ठाऊकच आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. 'घरबसल्या' या शब्दाची. नर्सिंगचा पुस्तकी भाग घरबसल्या होईल, पण रुग्णाच्या हातात सुई घरबसल्या कशी टोचणार? प्रत्यक्ष इस्पितळातलं शिक्षण सक्तीचं असतं आणि ते चुकवता येत नाही. पुष्कळदा बारा तासांची पाळी, सकाळी सातच्या आधी हजर. इस्पितळ कुठलं ते शाळा ठरवणार. छकुलीनं चौकशी केली तेव्हा कळलं, पहिल्या शाळेची इस्पितळं तिच्या घरापासून गाडीनं दीड तासावर आहेत. म्हणजे पहाटे पाचला घर सोडायचं आणि रात्री नऊला परत. आठवड्यातून दोन दिवस, कधी तीन.

"मग मुलांचं कसं?" मी विचारलं.

"आई येईल ना सहा महिने. तिला व्हिसा आहे."

इथे मी थांबले. आई म्हणजे आमच्या वहिनी. वय ७४, दोन्ही गुडघे गेलेले, नाशकात एकट्या राहतात. संध्याकाळी शेजारच्या दोघीतिघींबरोबर देवळापर्यंत जाऊन येतात, तेवढंच त्यांचं जग, पण त्यांचं स्वतःचं. तिकडे बर्फाच्या दिवसांत सकाळी पाचपासून रात्री नऊपर्यंत दोन नातवंडं सांभाळायची. पाहुणी म्हणून एका वेळी साधारण सहा महिनेच राहता येतं, उरलेले नऊ महिने कोण? आणि तिथे पडल्या-झडल्या तर इस्पितळाचा खर्च? जावयाच्या तक्त्यात डॉलर होते, महिने होते, पेट्रोलसुद्धा होतं. वहिनींच्या गुडघ्यांचा रकाना नव्हता.

मी तिला तेव्हा जे म्हटलं तेच माझं या विषयावरचं मत आहे. आपण खर्च आणि सोय या दोन वेगळ्या गोष्टी धरतो आणि एक वाढली की दुसरी कमी, असा तराजू मांडतो. मला वाटतं, सोय हासुद्धा खर्चच असतो. फरक एवढाच की तो कुणा दुसऱ्याच्या नावावर पडतो आणि त्या दुसऱ्याला पावती मिळत नाही. म्हणून कुठलीही सोय घेताना तिच्यापुढे एक नाव लिहावं. ही सोय झाली तर गैरसोय कोणाची होणार? कधी ते नाव आईचं असतं, कधी मोठ्या मुलीचं (छकुलीची थोरली अकरा वर्षांची आहे, धाकट्याला ती सांभाळेल असंही मध्येच कुणीतरी बोललं होतं), तर कधी दोन वर्षांनंतरच्या आपलं स्वतःचं.

आणि वेग हीसुद्धा सोयच. तिची किंमत कधी कळते? ठेच लागली की. या झटपट अभ्यासक्रमांत पास व्हायला साधारण पंचाहत्तर टक्के तरी लागतात. एखाद्या विषयात कमी पडले तर पुढच्या सत्रात जाता येत नाही, मागच्या तुकडीची वाट बघायची आणि त्या विषयाची फी पुन्हा भरायची. मधल्या काळात नोकरी करू नका असंही शाळा आधीच बजावतात. जावयाच्या तक्त्यात छकुली एकदाही आजारी पडत नव्हती, मुलांना ताप येत नव्हता आणि एकही विषय राहत नव्हता. झटपट वाट स्वस्त पडते ती एकदाही न अडखळणाऱ्याला. सावकाश वाटेवर एक-दोन ठेचा खपून जातात. चोवीस वर्षांची, आईवडिलांच्या घरी राहणारी मुलगी असती तर मीच म्हटलं असतं, घे पहिलं, वर्षभर कळ सोस. पण प्रत्येक घराची ठेच सोसायची ताकद वेगळी असते आणि ती ज्यानं त्यानं प्रामाणिकपणे मोजायला हवी.

आता तुम्ही म्हणाल, या बाईंना एवढं उपदेश करायला काय होतंय! तर इथे मला माझी एक जुनी चूक सांगायला हवी.

१९९०च्या दशकातली गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगी होती. वडील शेतमजूर, ही दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली, पुढे बारावी केली. तिला नर्स व्हायचं होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी इस्पितळाला जोडलेलं नर्सिंगचं शिक्षण होतं, पण तिथे वसतिगृहात राहावं लागणार, प्रवेशाची खात्री नाही. त्याच सुमारास तालुक्याच्या गावी एक खासगी संस्था निघाली होती. एस.टी.नं पाऊण तास. फी जास्त होती, पण राहण्याजेवणाचा खर्च वाचणार होता. तिचे वडील मला विचारायला आले. मी म्हटलं, "जवळच आहे, घरून जाऊन-येऊन करील. मुलीची जात, लांब कशाला पाठवता?"

हो, हे मीच म्हटलं. स्वतः नोकरी करणाऱ्या बाईनं.

तीन वर्षांनी ती मुलगी प्रमाणपत्र घेऊन मुंबईला परिचर्या परिषदेकडे नोंदणीला गेली तेव्हा कळलं की त्या संस्थेला मान्यताच नव्हती. नोंदणी नाही म्हणजे सरकारी नोकरी नाही, मोठं इस्पितळ नाही. संस्था पुढे बंद झाली, फी बुडाली ती बुडालीच. ही कितीतरी वर्षं लहान-लहान खासगी दवाखान्यांत राबली. पेशंट तिला सिस्टर म्हणायचे, पगार मात्र मावशीचा. तिनं मला कधी बोल लावला नाही. मी एक साधा प्रश्न विचारला नव्हता, 'मान्यतेचं पत्र दाखवा', एवढाच. सोय बघितली, पुढचं बघितलंच नाही.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. २०२३च्या जानेवारीत अमेरिकेत एक मोठं प्रकरण उघडकीला आलं. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांमधून ७,६००हून अधिक बोगस पदविका आणि गुणपत्रिका विकल्या गेल्या होत्या. लोकांनी दहा-पंधरा हजार डॉलर मोजून त्या घेतल्या होत्या, आणि त्यांतले साधारण २,४०० जण नोंदणीची परीक्षा पासही झाले होते. झटपटची हाव किती लांब नेते बघा. त्या नर्सच्या हाताखाली पडून असलेला रुग्ण कुणाच्या तक्त्यात होता?

म्हणून छकुलीला मी सांगितलं, फी आणि महिने हे दोन आकडे जरा बाजूला ठेव आणि तीन कागद माग. एक, शाळेला राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी आणि राष्ट्रीय पातळीवरचं मानांकन आहे का. (तिकडे सी.सी.एन.ई. आणि ए.सी.ई.एन. या दोन संस्थांचं मुख्यतः बघतात.) दोन, त्या शाळेचे किती टक्के विद्यार्थी नोंदणीची परीक्षा पहिल्याच खेपेला पास होतात. या परीक्षेला एनक्लेक्स म्हणतात आणि राज्यांची बोर्डं शाळावार निकाल जाहीर करतात, लपवायची सोय नाही. तीन, शंभर जण आत शिरले तर वेळेत बाहेर किती पडले. हा तिसरा आकडा शाळा आपणहून सांगत नाहीत, विचारावा लागतो. परीक्षेचा निकाल चांगला दिसावा म्हणून कच्च्या मुलांना आधीच गाळायचं, हा प्रकार आम्ही शाळामास्तरांनी काय कमी बघितलाय?

चौथी गोष्ट मी सुचवली ती अगदी बायकी, संसारी. मोठी खरेदी करण्याआधी आपण चार आण्याचं घेऊन चव बघतो, तशी. शरीररचना आणि शरीरक्रिया हा विषय तिन्ही ठिकाणी लागणारच आहे. तो आधी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला कर. कुठेही गेलीस तरी हे गुण धरतील असं तिन्ही शाळांकडून लेखी घे. चार-पाच महिन्यांत कळेल की आठवड्यातून दोन संध्याकाळी तू घरात नसलीस तर घर चालतं का, वीस वर्षांनी अभ्यासाला बसवतं का आणि हाडांची नावं डोक्यात राहतात का.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आत्या, सगळं खरं. पण हळू जायला माझ्याकडे वेळ कुठे आहे? मी पन्नाशीला नर्स होऊ का?"

याला माझ्याकडे नेमकं उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. तिची घाई पैशाची नाही, हे मला माहीत आहे. एप्रिल महिना आला की ती आठ दिवस कुणाशी धड बोलत नाही. अशा माणसाला 'सबुरीनं घे' म्हणणं सोपं असतं, विशेषतः ज्याचं सगळं करून झालंय त्याला. मी एवढंच म्हटलं, "बेचाळिसाव्या वर्षी झालीस काय आणि त्रेचाळिसाव्या वर्षी झालीस काय, पुढे वीस वर्षं नोकरी आहेच. पण अर्ध्यात सोडलंस तर ते आयुष्यभर टोचेल."

तिनं संध्याकाळच्या वर्गात नाव घातलंय. मंगळवार आणि गुरुवार. त्या दोन दिवशी स्वयंपाक जावई करतो, आणि धाकटा म्हणतो की बाबाची खिचडी आईपेक्षा बरी होते! दुसऱ्या विद्यापीठाचा अर्जही ती भरणार आहे. प्रवेश मिळेल न मिळेल. पहिल्या शाळेचा माणूस अजून दर आठवड्याला फोन करतो आणि 'थोड्याच जागा उरल्यात' म्हणतो. वर्षातून तीनदा प्रवेश देणाऱ्यांच्या जागा एवढ्या लवकर कशा संपतात ते मला कळत नाही, पण असो.

वहिनींना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "वन्सं, तिनं बोलावलं असतं तर मी गेले असते हो." मला ठाऊक होतं. त्या गेल्याच असत्या आणि गुडघ्यांबद्दल चकार शब्द काढला नसता. म्हणून तर त्यांच्या वतीनं कुणीतरी आधी विचारायला हवं होतं. आता उन्हाळ्यात महिनाभर जातील, नातवंडांना भेटायला, कामाला नाही.

आणि ती माझी विद्यार्थिनी? मागच्या वर्षी तिचा फोन आला. मुलीला सरकारी कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला. घरापासून सहा तास लांब, वसतिगृहात. "बाई, आधी मान्यतेचं बघितलं, मग बाकीचं," ती म्हणाली. तिनं सहज म्हटलं असेल. मला मात्र त्या दिवशी दुपारी झोप लागली नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या लेकीसुनांनी तिकडे हा झटपट अभ्यासक्रम केला असेल तर त्यांचा अनुभव जरूर कळवा. माझं मत चुकीचं ठरलं तरी चालेल. छकुलीचा पुढचा फोन यायच्या आत कळलं तर बरं.